पहिलं फावडं

या अंकासाठी संपादकांनी ‘शोध’ हा विषय दिला, तेव्हा मनात आधी आलं ते फेब्रुवारी २०१६ मधलं सियाचीन. सोनम पोस्टवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले होते आणि आठवडाभर आमच्या ब्रह्मपुरीच्या पानठेल्यांवरसुद्धा दुसरा विषय नव्हता. उन्हाळ्यात देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत ज्या गावाचं नाव हमखास येतं, तिथली माणसं तीस फूट बर्फाखालच्या माणसाच्या श्वासाची चौकशी करत होती. ही काळजी टीव्हीने लावलेली नव्हती. आमच्या भागातून पोरं सैन्यात जातात, सीआरपीएफमध्ये जातात, राज्य राखीव दलात जातात. धानाच्या एका पिकावर घर चालत नाही, तेव्हा ‘भरती’ हाच घरातला मोठा मनसुबा असतो.

म्हणून शोधाची सुरुवात मी इथूनच केली.

पहाटे पाचच्या सुमारास गावाबाहेरच्या मैदानावर पोरं सोळाशे मीटरचा सराव करतात. कुणी अनवाणी, कुणी फाटक्या बुटात, आणि आता मुलीही बऱ्याच. त्यांना धावायला लावणारे एक निवृत्त हवालदार आहेत. ग्लेशियरवर राहून आलेले. नाव छापू नका, असं त्यांनी आधीच बजावलं. बर्फात गाडला गेलेला माणूस शोधतात कसा, एवढंच मी विचारलं. त्यांनी तोंडी उत्तर दिलं नाही. मैदानाच्या कडेला तणसाचा मोठा ढीग होता. त्यात त्यांनी पोरांच्या नकळत धानाचा अर्धा भरलेला कट्टा, एक दगड आणि लाकडाचा एक ओंडका पुरून ठेवला. मग सहा पोरांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि प्रत्येकाच्या हाती बांबूची बारीक काठी दिली.

पहिल्या पोराने काठी जोरात खुपसली.

“जोर नको लावू बाबू,” हवालदार म्हणाले. “काठीला काय लागलं ते हातात येऊ दे.”

पोरं एकाच वेळी काठी खाली घालत होती, वर काढत होती, एक पाऊल पुढे सरकत होती. दगडाला लागली की टणक आवाज आणि मनगटाला धक्का. ओंडक्याला लागली की बोथट ठोका. कट्ट्याला लागली की काठी किंचित आत जाई आणि परत ढकलली जाई. चौथ्या ओळीत एका मुलीची काठी तशी परत आली आणि ती जागच्या जागी थांबली. काठी उपसू नको, तशीच राहू दे, असं हवालदारांनी ओरडून सांगितलं. मिळालेली जागा हातची सोडायची नाही, हा पहिला नियम. बर्फावर हीच काठी अ‍ॅल्युमिनियमची किंवा कार्बनची असते, तुकडे जोडून तीन-साडेतीन मीटर लांब होते आणि तिला ‘प्रोब’ म्हणतात. माणसाचं अंग लागलं की ती अशीच मऊ परत येते.

दुसरा नियम त्यांनी बसल्यावर सांगितला. खोदायचं ते काठीच्या वरून नाही, उताराच्या खालच्या बाजूने. वरून खोदलं तर खोदणाऱ्याचंच वजन खालच्या माणसाच्या छातीवर येतं, आणि त्याच्या तोंडापुढे हवेची जरा पोकळी उरली असेल तर तीही मोडते. खालून आडवं खोदत गेलं की माल उतारावर लोटता येतो. पुढचा तोडतो, मागचे लोटतात, पुढचा थकला की जागा बदलतात. चेहरा दिसताच आधी नाका-तोंडातला बर्फ काढायचा. बाकी शरीर नंतर.

मिनिटांचा हिशोब

हिमस्खलनाच्या शोधाचं सगळं शास्त्र मिनिटांवर उभं आहे. स्वित्झर्लंडमध्ये गाडल्या गेलेल्या शेकडो माणसांच्या नोंदी तपासून १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९२ टक्के वाचतात, आणि पस्तिसाव्या मिनिटाला हे प्रमाण ३० टक्क्यांवर येतं, असं त्यात निघालं. मधल्या वीस मिनिटांत माणूस गारठून मरत नाही. तो गुदमरतो. उच्छ्वासाच्या वाफेने तोंडापुढचा बर्फ आधी वितळतो, मग गोठून त्याची काचेसारखी पापडी धरते आणि तिच्यातून हवा आत येत नाही. अंगावरचा बर्फ घसरताना भुसभुशीत असतो, थांबला की काही क्षणांत घट्ट आवळतो. हाताचं बोट हलवता येत नाही, म्हणून स्वतःला खोदून काढणं जवळपास कुणालाच जमत नाही.

यातून एकच अर्थ निघतो. माणूस वाचतो तो शेजारी उभा असलेल्या साथीदाराच्या हातून. हेलिकॉप्टर, श्वानपथक, रडार हे सगळं लागतं, पण ते पोचेपर्यंत पंधरा मिनिटं उलटलेली असतात. म्हणूनच आता जाणकार गिर्यारोहक आणि बर्फातले सैनिक अंगावर ‘ट्रान्सीव्हर’ नावाची छोटी पेटी बांधतात. जगभर ती ४५७ किलोहर्ट्झ या एकाच लहरीवर टिकटिकत राहते. कुणी गाडला गेला की उरलेले आपापली पेटी शोधाच्या बाजूला फिरवतात आणि बाण दाखवेल तसे चालतात. हा बाण सरळ नेत नाही. चुंबकी रेषा वाकड्या असल्यामुळे शोधणारा कमानीसारख्या वाटेने जवळ जातो. शेवटच्या तीन मीटरांत पेटी बर्फालगत धरून आडवी-उभी फिरवायची, आकडा सर्वांत लहान होईल तिथे प्रोब घालायचा, मग फावडं. पेटी, प्रोब, फावडं. या तिन्हींपैकी एक नसलं तरी उरलेली दोन जवळजवळ वाया जातात.

सोनम

३ फेब्रुवारी २०१६ ला सोनमवर जे घडलं त्यात हा पंधरा मिनिटांचा हिशोब लागूच पडत नव्हता. पोस्ट १९,६०० फुटांवर. मद्रास रेजिमेंटच्या १९ व्या बटालियनचे एक जेसीओ आणि नऊ जवान तिथे होते. पहाटे कोसळली ती भुरभुरीत बर्फाची लाट नव्हती. हिमकड्याची भिंतच तुटून पोस्टवर आली होती. निळ्या, जुन्या बर्फाचे ठोकळे. त्यात प्रोब शिरत नाही, फावडं उसळून परत येतं.

जवळच्या पोस्टवरची माणसं आधी पोचली. मग खालून तुकड्या चढवल्या गेल्या. दीडशेहून जास्त सैनिक या कामाला लागले. खडक फोडायची ड्रिल मशीन, विजेच्या करवती, जमिनीत भोक पाडणारे ऑगर, बर्फाखाली पाहणारं रडार, रेडिओच्या लहरी टिपणारी यंत्रं असं सगळं वर न्यावं लागलं. ‘वर नेणं’ हे शब्द लिहायला सोपे आहेत. त्या उंचीवर चीता हेलिकॉप्टर मोजक्याच किलोंचा भार उचलू शकतं, म्हणून एक यंत्र सुटं करून अनेक फेऱ्यांत जातं. हवेत प्राणवायू मैदानाच्या निम्म्याहून कमी. दहा मिनिटं करवत धरली की माणसाला बाजूला बसवावं लागतं. रात्री पारा शून्याखाली चाळीसच्याही खाली उतरतो, बॅटऱ्या मान टाकतात आणि दुपारी सुरू केलेला खड्डा सकाळपर्यंत वाऱ्याने भरून टाकलेला असतो. डॉट आणि मिशा ही सैन्याची दोन कुत्री तिथे वास घेत फिरत होती. भुसभुशीत बर्फातून माणसाचा वास वर झिरपतो. टणक बर्फात तो फक्त भेगांतून येतो, म्हणून कुत्र्याला प्रत्येक भेगेपाशी न्यावं लागतं.

दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला, कुणी जिवंत सापडण्याची शक्यता फार कमी आहे, असं सैन्याने सांगितलं. पंतप्रधानांचा शोकसंदेशही आला. सरकारी कागदावर ही माणसं तिथे संपली होती. खोदणाऱ्यांनी मात्र हात थांबवला नाही.

८ फेब्रुवारीच्या रात्री, सुमारे पंचवीस-तीस फुटांखाली, लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. सहाव्या दिवशी. धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळ तालुक्यातलं बेटदूर हे त्यांचं गाव. तंबूचा काही भाग न चेपता उरला होता आणि त्यात हवेची पोकळी राहिली होती. बाकीचे नऊ जण मृत सापडले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. ते नर्सिंग असिस्टंट म्हणून त्या तुकडीबरोबर होते. म्हणजे दुसरा कुणी पडला तर ज्याने पहिला हात द्यायचा, तोच माणूस त्या बर्फाखाली होता.

वर्तमानपत्रांनी हनुमंतप्पांच्या जिवंत सापडण्याला चमत्कार म्हटलं. त्या शब्दाशी माझं भांडण नाही. पण चमत्कार म्हणून मोकळं होताना पाच दिवस करवत धरलेले दीडशेहून जास्त सैनिक आपण विसरतो, आणि ती अकृतज्ञता आहे असं मी मानतो. आशा संपल्याचं जाहीर झाल्यावरही त्यांनी खोदलं, म्हणून बायको, लहान मुलगी आणि आई यांना तो माणूस श्वास घेताना पाहता आला.

बाहेर काढल्यानंतर

हनुमंतप्पांना ९ तारखेला दिल्लीच्या आर्मी रिसर्च अँड रेफरल रुग्णालयात आणलं. हिमदंश नव्हता, हाड मोडलेलं नव्हतं. पण रक्तदाब खाली, न्यूमोनिया, यकृत आणि मूत्रपिंडं मंदावलेली. ११ फेब्रुवारीला दुपारी पावणेबाराला ते गेले.

जिवंत काढलेला माणूस का जातो, हे समजून घ्यायला हवं. थंडीत शरीर हातापायांचं रक्त आवरून घेतं आणि ते फक्त काळीज-मेंदूकडे ठेवतं. हातापायांत पडून राहिलेल्या रक्तात आम्ल आणि पोटॅशियम साचतं. माणूस हलवला, घाईने शेकला, की हे गार आणि दूषित रक्त एकदम हृदयाकडे येतं आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून त्याला आडवाच ठेवून, धक्का न देता, छातीकडून हळूहळू ऊब द्यायची असते. हातपाय चोळणं हा आपल्याकडचा पहिला उपाय. इथे तोच घातक ठरू शकतो.

जिवंत काढूनही माणूस जातो, याची जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरने आणखी कडवट प्रचिती दिली. २५ तारखेला गुरेझमध्ये हिमस्खलन झालं आणि मृतांत अकोला जिल्ह्यातले दोन जवान होते. आमच्या विदर्भात त्या आठवड्यात बर्फाचं मरण पुन्हा घरात आलं. त्याच दिवसांत माछिल भागात पाच जवानांना बर्फातून जिवंत काढण्यात साथीदारांना यश आलं. पण हवा बिघडलेली, हेलिकॉप्टर उडेना, रस्ता बंद. पाचही जण ३० जानेवारीला दगावले. त्यांतही महाराष्ट्राचे जवान होते. शोध यशस्वी झाला होता, वाहतूक हरली. त्यामुळे शोध आणि बचाव या दोन गोष्टींचा हिशोब वेगवेगळा मांडावा लागतो, आणि दुसरीवर आपण फार कमी बोलतो.

अडतीस वर्षांनी

काही शोध मिनिटांचे नसतात. पाकिस्तानच्या बाजूला गयारी इथे ७ एप्रिल २०१२ ला एका लष्करी तळावर हिमस्खलन झालं आणि १४० माणसं गाडली गेली. बुलडोझर लावून ते सैन्य वर्षाहून जास्त काळ मृतदेह काढत राहिलं. बर्फ कुणाची बाजू घेत नाही.

आपल्याकडे १९ कुमाऊंचे लान्स नायक चंद्रशेखर हर्बोला २९ मे १९८४ ला, ऑपरेशन मेघदूतच्या पहिल्याच महिन्यांत, हिमस्खलनात बेपत्ता झाले. त्यांचे अवशेष सापडले ऑगस्ट २०२२ मध्ये. ओळख पटली ती धातूच्या बिल्ल्यावर कोरलेल्या सैन्य क्रमांकावरून. पत्नीने अडतीस वर्षांनी हल्द्वानीत अंत्यसंस्कार पाहिले.

हवालदार हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागदांचा विषय काढला. माणूस ‘बेपत्ता’ असतो तेव्हा घरच्यांचं काय होतं? सैन्याची स्वतःची व्यवस्था असते, चौकशी होते, निर्णय होतो. साध्या माणसाच्या बाबतीत मात्र कायदा सात वर्षं थांबायला सांगतो. सात वर्षं कुणाला दिसला नाही, कुणाला कळला नाही, तर मृत मानता येतो. तोवर सातबारा, बँक, विमा सगळं लटकलेलं. म्हणून प्रेत सापडणं हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. चूल पेटण्याचाही आहे. हे ऐकताना मला आमची नदी आठवली.

वैनगंगेच्या काठी

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला. शिवनीकडच्या संजय सरोवरातून सुटलेलं पाणी वाटेतल्या नद्यांचं पाणी घेत गोसीखुर्दला आलं. धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली काठावरची गावं पाण्याखाली गेली. लाडज, पिंपळगाव, बेलगाव, कोलारी. लाडज तर वैनगंगेच्या पात्राने वेढलेलंच गाव आहे. एनडीआरएफ, एसडीआरएफची पथकं आली आणि त्यांनी माणसं काढली. त्यांच्या कामाचं मोल कमी नाही. पण राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला असतात, एनडीआरएफची बटालियन पुण्याजवळ. नागपूरहून ब्रह्मपुरी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तेही रस्ते उघडे असतील तर. नदी चढायला तेवढा वेळ घेत नाही.

मधला वेळ कुणाचा असतो, हे पाहायला मी काठावर गेलो. धिवर समाजाच्या वस्तीत डोंगे उलटे घालून ठेवले होते आणि एक म्हातारे जाळ्याची भोकं सांधत बसले होते. पूर आला की म्हाताऱ्या बाया, लेकरं, शेळ्या ह्याच डोंग्यांत बसवून उंचवट्यावर न्यायच्या, कुणाला विचारायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. डोंग्यात लाइफ जॅकेट एकही नव्हतं. दोर होता, तोही जाळ्याचाच.

बुडालेल्याचा शोध कसा घेतात, हे त्यांना विचारायला जीभ अडखळली, पण त्यांनी न अडखळता सांगितलं. माणूस कुठे बुडाला यापेक्षा पाणी कुठे वळतं ते बघायचं. वळणाच्या आतल्या बाजूला रेतीचा ओटा, बाहेरच्या बाजूला डोह. आधी डोह. मग काठावरची झुडपं आणि पुलाचे खांब. उन्हाळ्या-पावसाळ्यात प्रेत दोन-तीन दिवसांत वर येतं, थंडीत पाणी गार असल्यामुळे ते खाली बसून राहतं. तेव्हा गळ सोडून किंवा जाळं ओढून तळ चाळावा लागतो. शरीरात कुजण्याने वायू धरतो आणि तो प्रेत उचलतो, थंडीत ती क्रिया मंदावते, एवढंच त्यामागचं शास्त्र. त्यांना ते पाण्यावरून माहीत आहे.

२३ जानेवारी २०२४ ला याच वैनगंगेत, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या शेतमजूर बाया होत्या. त्यांतल्या सहाजणी गेल्या. पाणी जानेवारीचं, शोध काही दिवस चालला. एसडीआरएफच्या बोटी होत्या आणि बरोबरीने स्थानिक मच्छीमार होते. मिरचीच्या हंगामात रोज सकाळी अशा किती नावा भरून पलीकडे जातात, हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत आहे.

नदीत काय आणि जंगलात काय, पद्धत तीच. ब्रह्मपुरी वनविभागात गुरं चारायला किंवा सरपणाला गेलेला माणूस दिवेलागणीला परतला नाही की गाव निघतं. डबे वाजवत, हाका मारत, एका जथ्यात, एकट्याने कुणी पुढे जायचं नाही. वनरक्षक वाटेवर चप्पल, विळा, वाघाने ओढत नेल्याची खूण शोधतो. त्याच्या सोबत चालणारे असतात ते गावातलेच, प्राथमिक प्रतिसाद दलाचे किंवा नुसते शेजारी.

यादीत नाव कुणाचं

सियाचीनला जे कळलं ते सैन्याने व्यवस्थेत उतरवायचा प्रयत्न केला. बर्फात जाण्याआधी जवानाला ग्लेशियरच्या पायथ्याशी प्रशिक्षण मिळतं, दोराने बांधून चालायला शिकवतात. डीआरडीओची ‘सासे’ ही संस्था १९६९ पासून बर्फाचा अभ्यास करत होती. २०२० मध्ये तिच्यातून घडलेली डीजीआरई आज हिमस्खलनाचे इशारे देते. इशारा डोंगराच्या भागाचा असतो, घडीचा नसतो. म्हणून शेवटी फावडं साथीदाराच्याच हाती राहतं, आणि सैन्याला ते मान्य आहे. ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं प्रत्येक गस्तीतल्या प्रत्येक जवानापाशी असलंच पाहिजे. पैशाअभावी हे अडू नये, हे म्हणायला मला लष्करी जाणकार असण्याची गरज वाटत नाही.

आमच्या काठावर हे अजून मान्य व्हायचं आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं आणि आराखडाही असतो. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना आहे. पूरप्रवण ३० जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्यासाठी वाढवली गेली. कल्पना नेमकी हीच आहे की पहिला हात गावातला असावा, पण शिकलेला असावा. मग ज्यांना डोह पाठ आहेत त्या धिवरांची नावं आणि फोन नंबर आराखड्यात पहिल्या पानावर हवेत. त्यांच्या डोंग्यांत लाइफ जॅकेट, तरंगती कडी आणि पन्नास मीटर नायलॉनचा दोर पावसाळ्याआधी हवा. छाती दाबून श्वास कसा परत आणायचा, हे काठावरच्या दहा जणांना तरी आलं पाहिजे. आणि पुरात किंवा अपघातात हे लोक दिवसचे दिवस पाण्यात असतात, तेव्हा त्या दिवसांची मजुरी त्यांना मिळाली पाहिजे. पथक निघून गेल्यावरही शोधत राहणारे तेच असतात.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा होईल. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या, ब्रह्मपुरीच्या आणि पलीकडच्या गडचिरोलीच्या गावांनी त्या दिवशी दोन ठराव मांडावेत. गावातल्या नावाड्यांची यादी तहसीलदारांकडे पाठवण्याचा एक, आणि प्रत्येक प्रवासी डोंग्याला माणसागणिक लाइफ जॅकेट देण्याचा दुसरा. वाचकांपैकी कुणाचं गाव नदीकाठी असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी सरपंचांना फोन करा आणि हे दोन विषय सभेच्या पत्रिकेवर घ्यायला सांगा.